इनुइट चित्रांत टीव्ही, फ्रीझर, एटीएम आले तर ती 'खरी' इनुइट कला राहत नाही का?

रंगीतपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे विचारून टाकते, कारण इथे चित्रांतलं कळणारी बरीच माणसं आहेत.

मी एक ऑनलाइन कोर्स करतेय कलेच्या इतिहासाचा, त्यात मागच्या आठवड्यात एस्किमो आर्टवर, म्हणजे कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या कलेवर, एक तास होता. मी आपली धरूनच बसले होते की आता दगडाची अस्वलं, सील, घुबडं आणि भाला उगारलेला शिकारी बघायला मिळणार. आणि पहिलंच चित्र आलं ते ॲनी पूटूगूक या चित्रकर्तीचं. रंगीत पेन्सिलीने काढलेलं, एक साधं सरकारी क्वार्टरसारखं घर, आणि घरातली माणसं जमिनीवर गोल करून बसलीयत, मधे सीलचं मांस, आणि ते खाणं चाललंय. पुढच्या चित्रात लोक टीव्ही बघतायत. त्याच्या पुढच्यात गावच्या दुकानातलं एटीएम. मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसले, कारण मला त्या घरात गेल्यासारखंच वाटलं. सगळं थोडं वरून बघितल्यासारखं काढलंय, खोलीचं झाकण काढून आत डोकवावं तसं.

पण नंतर आमच्या कोर्सच्या ग्रुपवर एकाने ठामपणे लिहिलं की ही एका इनुइट बाईने काढलेली आधुनिक चित्रं आहेत, इनुइट कला नव्हे, ती कला इग्लू आणि कुत्र्यांच्या गाड्यांबरोबर संपली, आता उरलंय ते गॅलरीवाल्यांसाठी. मला हे मुळीच पटलं नाही पण उत्तर देता येईना, कारण 'मूळ' कला म्हणजे नक्की काय हेच मला माहीत नाही. तर कोणी सांगेल का की तिथे परंपरा म्हणतात ती किती जुनी, आणि या टीव्ही-फ्रीझरवाल्या चित्रांचं तिच्याशी काय नातं? आणि पुढेमागे पैसे साठवून एखादी छोटीशी मूर्ती किंवा छापचित्र घ्यायचं मनात आहे, तर ते खरं आहे हे कसं ओळखायचं तेही सांगा प्लीज.

उत्तरवाट

ताई, फार मनापासून विचारलंय तुम्ही, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी कामानिमित्त दोन हिवाळे इकालुइटला काढलेत, नुनावुट या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशाची राजधानी. डिसेंबरात चार-साडेचार तास उजेड, बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही, काहीही आणायचं तर विमानाने नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येणाऱ्या जहाजाने. हे आधी सांगतोय कारण तिथली कला कळायला हे फार लागतं.

सुरुवातीला एक छोटी गोष्ट, 'एस्किमो' हा शब्द कॅनडात आता वापरत नाहीत, त्यांना तो आवडत नाही. इनुइट म्हणायचं, आणि एकट्या माणसाला इनुक. जुन्या कागदांत, संस्थांच्या नावांत तो शब्द दिसेल, तिथल्या चित्रकारांच्या सहकारी संस्थेच्या नावातच होता, वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह म्हणून. पण आपण आज बोलताना नको.

आता तुमच्या ग्रुपवरच्या त्या मित्राचं. तो ज्याला मूळ परंपरा समजतोय, ते शेल्फवर ठेवायचं गुळगुळीत दगडी अस्वल, ते वयाने माझ्या वडिलांएवढं आहे हो. १९४८ साली जेम्स ह्यूस्टन नावाचा एक तरुण कॅनेडियन चित्रकार हडसन खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर इनुकजुआकला पोचला, त्याला तिथल्या लोकांनी हातांत मावणाऱ्या छोट्या कोरीव वस्तू दिल्या, तो त्या घेऊन मॉन्ट्रियलला गेला आणि १९४९ मध्ये तिथल्या हस्तकला गिल्डमध्ये त्यांची विक्री झाली, सगळं हातोहात खपलं. मग सरकारने यात पैसा घातला. का घातला, तर फर कोल्ह्याच्या कातड्याचे भाव पडले होते, लोकांचे हाल चालले होते, आणि सरकारला त्यांच्यासाठी रोख उत्पन्नाचं काहीतरी साधन हवं होतं. म्हणजे आज ज्याला आपण पारंपरिक इनुइट शिल्प म्हणतो ते जन्मापासूनच आधुनिक जगाशी व्यवहार करायला घडलेलं आहे. टीव्ही-फ्रीझर त्याच्यात नंतर शिरले असं नाहीये, ते दगडी अस्वलच मुळात रोख पैशाच्या अर्थव्यवस्थेचं अपत्य आहे.

आणि याचा अर्थ ते खोटं असा मुळीच नाही, हे मला जास्त सांगायचंय. इकालुइटमध्ये संध्याकाळी हॉटेलात जेवायला बसलात की कोरीव काम करणारी माणसं टेबलापाशी येतात, जाकिटातून कापडात गुंडाळलेली मूर्ती काढून समोर ठेवतात. मी एकाकडून एक वॉलरस घेतला होता आणि मग आमची ओळख वाढली, तर एकदा मी विचारलं की या पैशाचं काय करणार. तो म्हणाला स्किडूचा (म्हणजे बर्फावरची मोटारगाडी) एक पार्ट, पेट्रोल, आणि काडतुसं, शनिवारी मुलाला घेऊन सीलच्या शिकारीला जायचंय. हे वाक्य मी इतकी वर्षं विसरलो नाही. पूर्वी गाडी ओढायला कुत्री होती, कुत्र्यांना सीलचं मांस घातलं की झालं, पैशाचा संबंधच नव्हता. पन्नास-साठच्या दशकांत लोकांना तंबू-इग्लूंच्या तळांवरून वस्त्यांमध्ये आणलं गेलं, हजारो कुत्री मारली गेली, त्यावर पुढे किकिक्तानी सत्यशोधन आयोग बसला, म्हाताऱ्या माणसांनी रडत रडत साक्षी दिल्या. कुत्री गेली, स्किडू आली, स्किडूला पेट्रोल लागतं. मग १९८३ ला युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली, इनुइट ती पिल्लं मारत नव्हते तरी सगळ्याच सीलच्या कातड्यांचा भाव कोसळला. राहिलं काय, तर दगड. म्हणून तिथे शिकार टिकवायला कोरीवकाम लागतं. 'जुनं' जगणं चालू ठेवायला हे 'नवं' काम लागतं, आणि त्या कामात पुन्हा तो सीलच कोरतो ज्याच्यामागे तो शनिवारी जाणार असतो.

आणि हत्यारं म्हणाल तर आता अँगल ग्राइंडर. घराबाहेर, उणे वीस-पंचवीसमध्ये, तोंडावर मास्क, अंगावर पांढरी धूळ. आत बसून केलं तर ती धूळ पोरांच्या छातीत जाते म्हणून बाहेर.

ॲनीच्या चित्रांवर नंतर लिहितो, आत्ता हात दुखायला लागले.

निळीशाई

मस्त धागा. एक बाळबोध शंका, १९४८ च्या आधी ते कोरत नव्हते का मग? मी कुठेतरी हस्तिदंतासारख्या कशाचंतरी इवलंसं अस्वल बघितलंय, फार जुनं होतं ते.

उत्तरवाट

@निळीशाई, बाळबोध काही नाही त्यात, उलट बरं झालं विचारलंत, नाहीतर माझ्या लिहिण्यावरून गैरसमज झाला असता. कोरत होते की, हजारो वर्षं. तुम्ही बघितलंत ते बहुतेक डॉर्सेट संस्कृतीतलं असणार, ते लोक आजच्या इनुइटांच्या आधी तिथे होते, वॉलरसच्या सुळ्यातून बोटाएवढी अस्वलं आणि माणसांचे चेहरे कोरायचे. आजच्या इनुइटांचे पूर्वज, त्यांना थुले म्हणतात, तेही सुया, कंगवे, लहान बाहुल्या, ताईत असं करायचे. सगळं लहान, कारण सतत मुक्काम हलवायचा, जड दगड कोण वाहणार. नंतर व्हेल पकडायला जहाजं यायला लागली तेव्हा खलाशांशी अदलाबदल करायलाही कोरायचे. त्यामुळे बाहेरच्यांसाठी काही बनवणं हेही १९४८ चं नवं नाही. नवीन झालं ते आकार, दगड, सही, आणि कोण विकत घेणार ते.

इनुक्तितूत, म्हणजे इनुइटांच्या भाषेत, एक शब्द आहे, सनानगुआक. 'सना' म्हणजे बनवणं, आणि पुढचा प्रत्यय म्हणजे खऱ्यासारखं, खोटंखोटं, छोटंसं. आपण भातुकलीत खोटाखोटा चहा म्हणतो ना, त्या जातीचा प्रत्यय. मला तो शब्द फार आवडतो, कारण त्यात कुठेही जुनं किंवा पवित्र असायची अट नाही, खऱ्याची प्रतिकृती एवढंच. सील खरा असेल तर सीलची, फ्रीझर खरा असेल तर फ्रीझरची.

ठसा

मी स्वतः छापचित्रं करते, लिनो आणि लाकूड, त्यामुळे त्या बाजूने थोडी भर घालते.

ॲनी पूटूगूक ज्या गावातली ते गाव म्हणजे किंगाइट, पूर्वीचं नाव केप डॉर्सेट, २०२० मध्ये अधिकृत नाव बदललं. दीड हजारापेक्षा कमी वस्ती आणि छापचित्रांच्या जगात त्याचं नाव माहीत नाही असा माणूस विरळा. तिथे छापायला सुरुवात कशी झाली त्याची गोष्ट ह्यूस्टननेच सांगितलेली आहे. ओसुइटोक इपीली नावाचा मोठा शिल्पकार होता, तो एकदा सिगारेटच्या पाकिटांवरचं खलाशाचं डोकं बघत बसला होता, प्रत्येक पाकिटावर अगदी तेच डोकं, आणि त्याला वाटलं की कोणीतरी बसून हे एकेक रंगवतंय, केवढं कंटाळवाणं काम. तर छपाई म्हणजे काय हे दाखवायला ह्यूस्टनने ओसुइटोकनेच कोरलेला एक वॉलरसचा सुळा घेतला, त्यावर शाई फासली आणि वर पातळ कागद दाबून उचलला. ओसुइटोकने लगेच ओळखलं की हे आपल्याला जमण्यातलं आहे. मग ह्यूस्टन जपानला गेला, उनइची हिरात्सुका या छापचित्रकाराकडे शिकला, परत येऊन १९५९ मध्ये किंगाइटचा पहिला वार्षिक संग्रह निघाला.

बघा म्हणजे काय काय एकत्र आलंय, सिगारेटचं पाकीट, सुळ्यावरचं कोरीव काम, जपानी पद्धत, आणि झाडच नसलेला प्रदेश म्हणून लाकडाऐवजी दगडाचा ठोकळा. दगडावर उठावातला आकार ठेवायचा, रोलरने शाई लावायची, जपानी कागद पसरायचा आणि हाताने घासायचा, प्रेस नाही. मी एकदा हौसेने मऊ दगडावर करून बघितलं, तीन आठवडे लागले आणि एक कोपरा उडाला. तिथे पन्नास प्रती काढतात एका चित्राच्या, आणि पन्नासही एकसारख्या. चित्र काढणारी व्यक्ती वेगळी, दगड कोरून छापणारी वेगळी, आणि प्रतीवर छापणाऱ्यालाही मान असतो. खाली इनुक्तितूच्या लिपीत नावं आणि लाल शिक्का, तो शिक्का जपानी वळणाचा.

केनोजुआक आशेवाक यांचं ते प्रसिद्ध घुबड, पिसांचे लांबच लांब झोत निघालेलं, ते १९६० चं. १९७० मध्ये कॅनडाने ते टपाल तिकिटावर घेतलं. आता त्या घुबडाला सगळे इनुइट कलेचा मूळ चेहरा मानतात आणि ते यायला आधी एवढी सगळी उलाढाल व्हावी लागली होती. आणि हो, त्या घुबडाची एक प्रत सुरुवातीला २४ डॉलरला गेली होती, नंतर लिलावात ५८ हजार डॉलरच्या वर, त्यातला एक सेंटसुद्धा बाईंना मिळाला नाही, कारण पुनर्विक्रीत चित्रकाराचा हिस्सा असा कायदा कॅनडात नव्हता. मला हे वाचून फार त्रास झाला होता. आधुनिक जगणं कलेत आलं तर चालत नाही म्हणणाऱ्या लोकांना आधुनिक बाजार मात्र चालतो.

जुनेदिवस

वरची सगळी माहिती वाचली, छान आहे, पण मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मला ॲनीची चित्रं बघून वाईट वाटतं. चित्र वाईट आहे असं नाही म्हणत, हात उत्तम आहे. पण बघताना एक अख्खं जग गेल्याचं दुःख होतं. बर्फावर हजारो वर्षं जगायचं ज्ञान असलेली माणसं, आणि आता सोफ्यावर बसून दूर दक्षिणेतल्या शहरांत बनलेले कार्यक्रम बघतायत. आणि तिचं स्वतःचं काय झालं बघा. २००६ मध्ये सोबी हा कॅनडातला मोठा कला पुरस्कार, ५० हजार डॉलर, दुसऱ्या वर्षी जर्मनीत डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात चित्रं, आणि मग ओटावामध्ये रस्त्यावर दिवस काढायची वेळ आली, फुटपाथवर चित्रं विकायची, २०१६ मध्ये रिडो नदीत मृतदेह मिळाला, वय फक्त ४७. मग मी असं का म्हणू नये की हे आधुनिक जगणं त्या लोकांना आणि त्यांच्या कलेला गिळतंय? तिची आजी पिट्सिओलाक आशूना, तिची चित्रं बघा, तंबू, पक्षी, प्रवासाला निघालेली कुटुंबं, काय प्रसन्न वाटतं. आजीपासून नातीपर्यंत येताना काहीतरी फार मोठं हरवलंय.

निळीशाई

जुनेदिवस, तुमचं दुःख समजतंय मला, ते खोटं नाहीये. पण हरवलं कोणी आणि चित्र काढलं कोणी यात गल्लत होत नाहीये ना?

उत्तरवाट

@जुनेदिवस, राग कशाला, तुम्ही मनातलं बोललात. पण आजीच्या चित्रांबद्दल एक सांगतो. पिट्सिओलाकबाई विशीत-तिशीत खरंच तळांवर राहिल्या, नवरा गेला, लहान लहान पोरं पदरात, उपासमार बघितली, शिवणकाम करून दिवस काढले. चित्रं काढायला लागल्या तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे आणि राहायला वस्तीत. म्हणजे ते तंबू, ते पक्षी त्या आठवणीतून काढत होत्या, खिडकीबाहेर तेव्हाच विमानं उतरत होती. त्यांनी ठरवलं की मी जुनं जगणं काढणार, कारण ते त्यांचं स्वतःचं होतं. हजारो चित्रं काढली बाईंनी. ॲनीचा जन्म १९६९ चा. तिने तंबू काढले असते तर ती आजीच्या आठवणींची नक्कल झाली असती. तिचं स्वतःचं जे होतं ते घर, घड्याळ, टीव्ही, दुकान, तेच तिने काढलं. माझ्या मते नातीने आजीचं काहीच सोडलं नाही, आजीने जे केलं तेच केलं.

आणि प्रसन्न म्हणाल तर मधली पिढी बघा, ॲनीची आई नापाची पूटूगूक. तिने नव्वदच्या दशकात चित्रं काढली त्यात जहाजावरच्या गोऱ्यांकडून सामान घेऊन त्या बदल्यात बायका दिल्या जातायत असं एक चित्र आहे, दारूवर एक आहे, जबरदस्तीच्या लग्नांवर आहेत. 'जुन्या' काळातच हे सगळं होतं. ते काढलं जात नव्हतं कारण घेणारे मागत नव्हते. १९६१ पासून जवळजवळ तीस वर्षं दक्षिणेतल्या तज्ज्ञांची एक कौन्सिल दरवर्षी छापचित्रं पास-नापास करायची, काय बाहेर विकायला जायचं ते ते ठरवत. पुडलो पुडलाट म्हणून एक चित्रकार होता, त्याला विमानं आणि हेलिकॉप्टर काढायचा भारी नाद, कस्तुरी बैलांच्या कळपावर विमान, असं. सत्तरच्या दशकात हे काढणारा माणूस, आणि १९९० मध्ये कॅनडाच्या नॅशनल गॅलरीत ज्याचं एकट्याचं प्रदर्शन लागलं असा तो पहिला इनुइट चित्रकार. तर तुम्ही म्हणता ते 'आधुनिक' किती मागे जातंय बघा.

ॲनीच्या मृत्यूबद्दल, मला लिहायला जड जातंय. तिला रंगीत पेन्सिलीने किंवा फ्रीझरच्या चित्राने नाही मारलं. तिच्या मागे काय काय होतं, गावापासून तुटणं, दारू, मारहाण, मोठ्या शहरात इनुइट बाईकडे कशा नजरेने बघतात ते. मृत्यूनंतर तिच्याबद्दल एका पोलिसाने नेटवर वंशद्वेषी कमेंट टाकली होती, त्याने नंतर गैरवर्तन कबूल केलं. हे सगळं जग तिला गिळत होतं हे तुमचं बरोबर आहे. पण त्या जगाचं नाव घेऊन, त्याचं चित्र काढून ती त्याच्यासमोर उभी राहिली होती ना हो. ते चित्रच काढायला नको होतं असं म्हटलं तर तिच्याकडे मग काय उरतं?

जुनेदिवस

हे मी असं बघितलं नव्हतं. नापाची पूटूगूकची चित्रं शोधतो. पिट्सिओलाकबाई आठवणीतून काढत होत्या हेही माहीत नव्हतं, मला वाटलं समोर बघून.

तरीपण दुःख होतंच, ते राहू दे माझ्यापाशी.

कॅमेरामागे

टीव्हीचा विषय निघाला म्हणून येतो. इग्लूलिक नावाच्या वस्तीने सत्तरच्या दशकात दोनदा मतदान करून टीव्ही नाकारला होता. दोनदा! कारण त्यात इनुक्तितूत काहीच नव्हतं, मुलं भाषा विसरतील म्हणून. १९८३ च्या सुमारास घेतला, तोपर्यंत इनुइटांचं स्वतःचं प्रसारण सुरू झालं होतं. आणि तिथलाच झकारियास कुनुक, दगड कोरणारा माणूस, १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला जाऊन आपल्या मूर्ती विकल्या आणि त्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेऊन घरी आला. मला तर ही मूर्ती देऊन कॅमेरा घेतल्याची गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो. त्याने नंतर गावातल्याच माणसांना घेऊन, पूर्ण इनुक्तितूत 'अटानार्जुआट' हा सिनेमा केला, जुनी दंतकथा, कातड्याचे कपडे गावातल्या बायकांनी शिवलेले, २००१ मध्ये कान चित्रपट महोत्सवात कॅमेरा द'ऑर, म्हणजे पहिल्या सिनेमासाठीचा पुरस्कार, मिळाला. आणि २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) कॅनडाचं दालन त्याच्या इसुमा या गटाकडे होतं. एकाच कुटुंबात आई सीलचं कातडं शिवते, मुलगा एडिटिंग करतो, कोणी म्हणणार का की यातला एकच इनुइट आहे.

जुनेदिवस साहेब, तुम्ही म्हणालात सोफ्यावर बसून दूरचे कार्यक्रम बघतायत, तर तेवढ्यासाठीच हा माणूस राबला की बघायला आपलंही काही असावं.

रंगीतपेन्सिल

बापरे, दोन दिवस नेट नव्हतं आणि इथे केवढं काय काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं सगळं. आणि आधी, एस्किमो शब्द वापरल्याबद्दल सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं, कोर्सच्या तासाच्या नावातच होता म्हणून मीही तसंच लिहिलं. त्यांनाही कळवलंय.

काल रात्री ॲनीची जेवढी मिळाली तेवढी चित्रं बघत बसले. एकात एक बाई घराबाहेर खडकांवर दारूच्या बाटल्या आपटून फोडतेय, बाकी काहीच नाही चित्रात फारसं. नवरा बायकोला मारतोय असंही एक आहे, तेही तसंच शांतपणे, रेषा कुठेही थरथरत नाही, जमिनीचा रंग एकसारखा भरलेला, म्हणूनच मला ते जास्त लागलं असेल. आणि मग लगेच पुढे दुकानातल्या लांबलचक फ्रीझरचं चित्र, २००५ चं, मूळ चित्र बरंच मोठं आहे म्हणे, आत रंगीबेरंगी पाकिटं. बाहेर सगळं गोठलेलं आणि माणसं दुकानातल्या फ्रीझरपाशी उभी, हे बघून मला उत्तरवाटांची ती पेट्रोल आणि काडतुसांची गोष्ट आठवली. मी हसण्यासारखं काहीच नाही म्हणत त्यात, ते चित्र मला फार खरं वाटलं.

ग्रुपवर मी त्याला ह्यूस्टनचं आणि १९४९ च्या विक्रीचं लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता तेवढं विकत घेण्याचं सांगा ना कोणीतरी.

उत्तरवाट

सांगतो, वॉलरस घेताना मला जे कळलं ते.

इग्लू टॅग म्हणून एक खूण असते, काळ्या इग्लूचं चित्र असलेलं लेबल, १९५८ पासून चालू आहे, आधी सरकारकडे होतं, २०१७ पासून इनुइट आर्ट फाउंडेशन चालवतं, म्हणजे इनुइटांच्याच हातात आलं. ते असेल तर निश्चिंत. पर्यटकांच्या दुकानांत साच्यातून काढलेल्या राळेच्या, प्लास्टिकच्या मूर्ती भरपूर मिळतात, हातात घेतल्या की हलक्या आणि कोमट लागतात, आणि शेल्फवर तशाच चार अजून दिसतात. खरा दगड गार लागतो, जड असतो, आणि तळाला बहुतेकदा इनुक्तितू अक्षरांत सही कोरलेली असते. कुठल्या गावातलं आहे ते दुकानदाराला विचारा, ज्याला चांगलं माहीत आहे तो गाव, नाव आणि दगड तिन्ही सांगतो.

व्हेलचं हाड, वॉलरसचा किंवा नारव्हाल या सुळेवाल्या व्हेलचा सुळा यातलं काही घ्यायचं असेल तर थांबा, देशाबाहेर न्यायला परवाने लागतात, आणि अमेरिकेत तर १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यामुळे आणखी अडचण. पहिली खरेदी दगडाचीच करा, किंवा कागदाची.

आणि कधी विनिपेगला जाणं झालं तर काउमायुक हे इनुइट कलेचं दालन बघा, तिथल्या आर्ट गॅलरीचाच भाग, २०२१ मध्ये उघडलं. आत शिरल्या शिरल्या काचेची तीन मजली तिजोरी आहे, हजारो कोरीव मूर्ती रस्त्यावरूनसुद्धा दिसतात. मी तिथे दीड तास नुसता त्या काचेभोवती फिरत होतो.

ठसा

छापचित्र घेणार असाल तर खालच्या कडेला बघा, प्रतीचा आकडा असतो, पन्नासपैकी कितवी, साल, गाव, आणि चित्रकाराबरोबर छापणाऱ्याचं नाव किंवा त्याचा छोटा शिक्का. तो दुसरा शिक्का शोधा नक्की, लोक त्याच्याकडे बघतच नाहीत, ज्याने महिनाभर दगड कोरला त्याचा तो असतो.

आणि ॲनीची मामेबहीण शुविनाय आशूना, तिची चित्रं बघितलीत का? तीही किंगाइटची, अजून काढते. पृथ्वीचे गोल, ऑक्टोपस, सिनेमातले राक्षस आणि गावातले लोक सगळे एकाच कागदावर. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत तिचा खास उल्लेख झाला. तुमच्या त्या मित्राला हीसुद्धा दाखवा.

रंगीतपेन्सिल

शुविनाय बघितली नव्हती, आता उघडते.

आणि एक राहिलंच सांगायचं, ॲनीचं एक चित्र आहे, २००६ चं, त्यात फक्त एक चष्मा आहे, काळ्या जाड फ्रेमचा, आजीचा, पिट्सिओलाकबाईंचा. बाकी कागद रिकामा. काल झोपायच्या आधी शेवटचं ते बघितलं, मग पुढचं उघडावंसं वाटलं नाही.